‘वन ऑफ’ दिसलं म्हणजे एकवचन, हा नियम नव्हे

इंग्रजीच्या वर्गात एक नियम फार लवकर पाठ होतो. ‘वन ऑफ’ आलं की पुढचं नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी. ‘वन ऑफ द बॉइज इज ॲबसेंट.’ इथे काही वाद नाही. गैरहजर एकच मुलगा आहे आणि क्रियापद त्याचं आहे.

मग परीक्षेत हे वाक्य येतं: ‘शी इज वन ऑफ दोज रायटर्स हू ___ नेव्हर सॅटिस्फाइड.’ रिकाम्या जागी ‘इज’ की ‘आर’? बहुतेक मुलं ‘इज’ लिहून मोकळी होतात, कारण वाक्यात ‘वन ऑफ’ दिसलेलं असतं. मी इंग्रजी शिकवते. या रिकाम्या जागेपाशी मुलं वाक्य वाचायचं सोडून ओळखीचे शब्द शोधायला लागतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आणि त्यात मुलांचा दोष मला दिसत नाही. नियम आपणच तसा अर्धवट दिलेला आहे.

पाठ केलेला नियम या वाक्याला लागूच होत नाही. तो नियम ‘वन’ कर्ता असतानाचा आहे. इथे कर्ता ‘शी’ आहे आणि तिचं ‘इज’ तिला आधीच मिळालेलं आहे. रिकामी जागा ‘हू’ने सुरू होणाऱ्या गौण वाक्यातली आहे, आणि तिथे एकच प्रश्न विचारायचा: कधीच समाधान होत नाही, ही गोष्ट कोणाबद्दल सांगितली आहे? लेखकांबद्दल. जगात असे काही लेखक असतात, आणि ही त्यांच्यातली एक. म्हणून ‘आर’.

हेच मराठीत म्हणून बघा. ‘आपल्या लिखाणावर ज्यांचं कधीच समाधान होत नाही, अशा लेखकांपैकी ती एक आहे.’ इथे ‘जिचं समाधान होत नाही अशा लेखकांपैकी’ असं कोणी म्हणेल का? आपल्या कानाला ते सहनच होणार नाही. म्हणजे या प्रश्नाचं उत्तर मराठी मुलाला आधीपासून येतं. वर्गात येऊन ते विसरायला आपण त्याला भाग पाडतो.

मग इंग्रजीत एवढा घोळ का? कारण ‘हू’, ‘विच’ आणि ‘दॅट’ यांना स्वतःचं वचन नाही. मराठीत जो मुलगा, जी मुलगी, जे मूल, जे मुलगे, ज्या मुली, जी मुलं. संबंधी सर्वनाम तोंडातून निघतं तेव्हाच लिंग-वचनाचा बराचसा उलगडा झालेला असतो. इंग्रजीतला ‘हू’ मात्र निव्वळ निरोप्या आहे. मागच्या नामाचं वचन आणि पुरुष तो पुढच्या क्रियापदापर्यंत पोचवतो, स्वतः काही दाखवत नाही. त्यामुळे निरोप नक्की कोणाचा आहे, हे वाचणाऱ्यालाच मागे जाऊन शोधावं लागतं.

त्यात इंग्रजी क्रियापदांचे जुने प्रत्यय बहुतेक झडून गेले आहेत. वर्तमानकाळातला तृतीयपुरुषी एकवचनाचा ‘स’ आणि ‘बी’ची काही रूपं, एवढ्यावरच वचनाचा सगळा भार आहे. ‘हू रोट’, ‘हू कॅन’, ‘हू विल’ यांत वचन दिसतच नाही, आणि म्हणून तिथे कोणी चुकतही नाही. आपल्याकडे याउलट भूतकाळातही सुटका नाही. ‘ज्या मुलीने पत्र लिहिलं’ आणि ‘ज्या मुलीने पत्रं लिहिली’ यांत मुलगी तीच, क्रियापद मात्र कर्माप्रमाणे बदललं. कर्तरी आणि कर्मणी प्रयोग बोलता बोलता सहज सांभाळणाऱ्या मुलांना इंग्रजीतली ही दोन-चार रूपं झेपणार नाहीत, हे मला कधीच पटलेलं नाही.

आता या वाक्याचं भावंड. ‘ही इज द ओन्ली वन ऑफ द ब्रदर्स हू हॅज लर्न्ट म्युझिक.’ फक्त ‘द ओन्ली’ वाढलं आणि सगळं फिरलं. संगीत शिकलेले भाऊ अनेक नाहीत, एकच आहे, म्हणून ‘हॅज’. मराठीत आपण सरळ म्हणतो, ‘भावांमध्ये संगीत शिकलेला हा एकटाच.’ पहिल्या वाक्यात गटाचं वर्णन होतं, इथे गटातून एकाला बाजूला काढलं आहे. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी फळ्यावर लिहिली की निम्मं काम होतं. पुस्तकांत मात्र ती बहुतेक वेळा वेगवेगळ्या पानांवर, वेगवेगळ्या नियमांच्या नावाखाली असतात.

माझं सगळ्यात आवडतं वाक्य मात्र तिसरंच आहे. ‘धिस इज वन ऑफ द प्रॉब्लेम्स विथ द प्लॅन दॅट ___ नॉट बीन डिस्कस्ड.’ ‘दॅट’च्या मागे तीन उमेदवार उभे आहेत: ‘वन’, ‘प्रॉब्लेम्स’ आणि ‘प्लॅन’. चर्चा कशाची झाली नाही? ‘हॅव’ लिहिलं तर अर्थ असा की चर्चा न झालेल्या अडचणी अनेक आहेत आणि ही त्यांतली एक. ‘हॅज’ लिहिलं तर एक तर अख्ख्या योजनेचीच चर्चा झालेली नाही, नाहीतर या एका अडचणीची झालेली नाही, बाकीच्यांची कदाचित झाली असेल. एखाद्या बैठकीच्या वृत्तांतात हे वाक्य आलं तर त्या एका शब्दावर बरंच काही अवलंबून राहील. बाकीच्या अडचणींवर बोलणं झालं होतं की नव्हतं? कोणाला जबाबदार धरायचं? या ठिकाणी क्रियापद वाचकाला असं काही सांगतं जे वाक्यात दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही. कर्ता-क्रियापदाचा मेळ हा शोभेचा शिष्टाचार आहे असं मानणाऱ्यांनी या वाक्यापाशी थोडं थांबावं. आणि ‘हॅज’ वापरूनही अर्थ दोन उरतात, हे पाहिल्यावर चांगला लिहिणारा काय करेल? वाक्य मोडेल. आधी योजनेबद्दल एक वाक्य, मग अडचणीबद्दल दुसरं. हेही व्याकरणाचंच शिक्षण आहे.

आता ज्यावर माझे काही सहकारी माझ्याशी वाद घालतात, तो मुद्दा. ‘वन ऑफ दोज हू इज’ लिहिणाऱ्याला अडाणी म्हणावं का? मी म्हणते, अजिबात नाही. 1926 साली फाउलर यांनी इंग्रजीच्या वापरावरच्या आपल्या कोशात हे एकवचन चूक ठरवलं आणि तेव्हापासून अनेक शिक्षकांनी तोच निकाल पुढे चालवला. पण भाषेचा इतिहास या निकालाला साथ देत नाही. जुन्या इंग्रजीत ‘थारा थे’, म्हणजे ‘त्यांच्यापैकी जे’, या शब्दांनंतर क्रियापद एकवचनी येणं ही नेहमीची गोष्ट होती. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या वेस्ट सॅक्सन, म्हणजे जुन्या इंग्रजीच्या एका बोलीतल्या, शुभवर्तमानात मॅथ्यू 7:24 या ओळीत ‘माझे हे शब्द ऐकणाऱ्यांपैकी प्रत्येक जण’ अशा अर्थाची रचना आहे आणि तिथे ‘ऐकतो’ हे क्रियापद एकवचनातच आहे. मेरियम-वेबस्टरच्या 1989 च्या वापरकोशानेही दोन्ही रूपांना मान्यता दिली. बोलणाऱ्याच्या मनात त्या क्षणी गट आहे की ती एक व्यक्ती, यावर रूप ठरतं. तिच्याबद्दलच बोलायचं आहे, लेखकांचा गट नुसता ओझरता आला आहे, अशा वेळी ‘इज’ तोंडात येणं साहजिक आहे.

तरीही वर्गात मी ‘आर’च शिकवते, आणि ठामपणे शिकवते. वाक्याची रचना ‘आर’च्या बाजूने आहे, अर्थही बहुतेक वेळा त्याच बाजूने असतो, आणि जपून लिहिणारे संपादक तेच अपेक्षित धरतात. मुलांना एक साधी परीक्षा देते: वाक्य उलटं करा. ‘ऑफ दोज रायटर्स हू आर नेव्हर सॅटिस्फाइड, शी इज वन.’ आता ‘इज’ घालून बघा, ‘दोज रायटर्स हू इज’. लगेच खटकतं. पण शिकवणं वेगळं आणि लाल शाईने फुली मारून गुण कापणं वेगळं. हजार वर्षं भाषेत नांदणाऱ्या रूपावर एका गुणाचा सापळा लावू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

चूक होते ती का होते, यावर मानसशास्त्रज्ञांनी छान काम केलं आहे. 1991 साली बॉक आणि मिलर यांनी लोकांना वाक्यांची सुरुवात ऐकवली आणि ती पुन्हा म्हणून वाक्य पूर्ण करायला सांगितलं. ‘द की टू द कॅबिनेट्स’ अशी सुरुवात मिळाली की लोक ‘इज’ऐवजी ‘आर’ म्हणून बसायचे, कारण किल्ली एक असली तरी क्रियापदाला खेटून अनेकवचनी कपाटं होती. उलट दिशेने, म्हणजे जवळच्या एकवचनी नामाने अनेकवचनी कर्त्याला फसवणं, फारसं घडत नव्हतं. पुढच्याच वर्षी बॉक आणि कटिंग यांना असं दिसलं की ते जवळचं अनेकवचन गौण वाक्याच्या आत असेल तर फसगत कमी होते. वाक्याची भिंत थोडंफार रक्षण करते. आणि 2009 मध्ये वेजर्स, लाउ आणि फिलिप्स यांनी वाचणाऱ्यांकडे पाहिलं. ‘द म्युझिशियन्स हू द रिव्ह्यूअर प्रेज’ या धर्तीच्या चुकीच्या वाक्यात वाचक त्या ‘प्रेज’पाशी जेवढे अडायला हवेत तेवढे अडत नव्हते. कौतुक करणारा समीक्षक एक आहे, पण संगीतकारांचं अनेकवचन डोक्यात घोळत असतं आणि चूक निसटून जाते. ही मंडळी इंग्रजी मातृभाषा असलेली होती. तेव्हा आपल्या विद्यार्थ्याच्या वहीत हीच चूक दिसली तर ती त्याच्या मागासपणाची खूण मानू नका.

पुरुषाचा प्रश्न अजून वेगळा, आणि माझ्या मते फार सुंदर. ‘इट इज आय हू ॲम राँग.’ मुलं हसतात, ‘हू ॲम’ कसं असेल? पण निरोप ‘आय’चा आहे, म्हणून ‘ॲम’. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये प्रार्थना सुरू होते ती ‘अवर फादर विच आर्ट इन हेवन’ अशी. देवाला ‘तू’ म्हणून हाक मारली आहे, म्हणून ‘विच’नंतर द्वितीयपुरुषी ‘आर्ट’. दहा आज्ञांच्या आरंभी देव स्वतः बोलतो तेव्हा ‘आय ॲम द लॉर्ड दाय गॉड, विच हॅव ब्रॉट दी आउट ऑफ द लँड ऑफ ईजिप्ट’. तिथे तृतीयपुरुषी ‘हॅथ’ (‘हॅज’चं जुनं रूप) नाही, प्रथमपुरुषी ‘हॅव’ आहे. मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारणच नाही. ‘जो मी तुमच्यासाठी इतका झटलो, त्या मलाच तुम्ही विचारत नाही!’ असं आपण रागात अगदी सहज म्हणतो आणि ‘झटलो’ हे प्रथमपुरुषातच राहतं. आजच्या बोलीत मात्र ‘इट्स मी हू इज राँग’ जास्त ऐकू येतं आणि बोलताना ते ठीकच आहे. औपचारिक लिखाणात ‘हू ॲम’ अवघड वाटत असेल तर ‘आय ॲम द वन हू इज राँग’ लिहावं. इथे निरोप ‘वन’चा झाला, भांडण मिटलं.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. ‘ही आन्सर्ड ऑल द लेटर्स, विच वॉज अ रिलीफ’ यात हायसं वाटलं ते पत्रांमुळे नव्हे, त्याने उत्तरं दिली यामुळे. ‘विच’ अख्ख्या वाक्याकडे बोट दाखवत असेल तेव्हा एकवचनच. पत्रं लांबलचक होती असं सांगायचं असेल तर ‘विच वर लाँग’. ब्रिटिश लिखाणात समितीबद्दल ‘हू’ वापरलं तर माणसं डोळ्यांसमोर असतात आणि ‘हू आर’ येतं. ‘विच’ वापरलं तर संस्था म्हणून ‘विच इज’. एकाच वाक्यात दोन्हींची सरमिसळ वाईट दिसते. आणि ‘द मेंबर्स हू द चेअरमन सेज आर लॉयल’ यात ‘सेज’ अध्यक्षांचं, ‘आर’ सदस्यांचं. मधलं ‘द चेअरमन सेज’ बोटाने झाकून वाचलं की गोंधळ संपतो.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी विनंती आहे. ‘वन ऑफ’वर एका शब्दाची रिकामी जागा टाकू नका. योजनेच्या अडचणींचं ते वाक्य दोनदा छापा, एकदा ‘हॅव’ घालून, एकदा ‘हॅज’ घालून, आणि विचारा: पहिल्या वाक्यात चर्चा कशाची राहिली आहे? दुसऱ्यात कशाची राहिलेली असू शकते? गुण दोन द्या, आणि उत्तर मराठीत लिहिलं तरी चालेल असं खाली स्पष्ट छापा.