व्हीपीएननं वीजमीटर लपत नाही

"बिटकॉइनचं मायनिंग कुठलंच सरकार रोखू शकत नाही. घरी अँटमायनर बसवा, व्हीपीएन लावा, मोनेरो काढा. कुणाला पत्ता लागणार नाही आणि टॅक्सही नाही." हा फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर आलाय आणि भाचा मशीनचे भाव विचारतोय. म्हणून लिहिणं भाग आहे.

आधी मशीन. मायनिंग म्हणजे संगणकाकडून अखंड गणितं सोडवून घेऊन नवी डिजिटल नाणी कमावणं; अँटमायनर हे त्यासाठीचं खास यंत्र, आणि मोनेरो हे बिटकॉइनसारखंच दुसरं नाणं. अँटमायनर एस१९ प्रो मोनेरो काढूच शकत नाही. त्याच्या चिप फक्त एसएचए-२५६ हे बिटकॉइनचं गणित करतात; मोनेरोचं रँडमएक्स नावाचं गणित साध्या संगणकाच्या सीपीयूसाठी बनवलंय. एवढंही ठाऊक नसलेला माणूस लोकांना लाखभर रुपये घालायला सांगतोय!

व्हीपीएन (इंटरनेटवरची ये-जा लपवणारी सेवा) झाकतो तो मशीन आणि पूल (मिळून मायनिंग करणाऱ्यांचा गट) यांच्यातला संवाद. वीज कशी झाकणार? हे मशीन ३२५० वॅटचं, म्हणजे दिवसाला ७८ युनिट, महिन्याला २३४०. फ्रिज, गीझर चालू-बंद होतात, त्यामुळे घराच्या वापराचा आलेख खालीवर होतो. मायनिंग मशीनची रेघ पहाटे तीनलाही तितकीच उंच. स्मार्ट मीटरवर ती लगेच दिसते, आणि मंजूर भार ओलांडला की विचारणा होणारच. शिवाय २२० व्होल्टला जवळपास १५ अँपिअर, तेही अखंड. मशीनच्या दोन्ही केबल एकाच एक्स्टेंशन बोर्डात खुपसल्या की पिन तापते, प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं. पंख्यांचा आवाज ७५ डेसिबल; शेजारी गप्प बसतील?

सरकार रोखू शकत नाही म्हणे. केंब्रिज विद्यापीठाच्या आकडेवारीत एप्रिल २०२१ मध्ये बिटकॉइनच्या जगभरच्या हॅशरेटपैकी (मायनिंगच्या एकूण ताकदीपैकी) सुमारे ४६ टक्के चीनमध्ये होता. बंदीची कारवाई झाली आणि जुलैत तो शून्यावर आला. ३ जुलैला नेटवर्कची डिफिकल्टी (गणिताची काठिण्यपातळी; मशीन कमी झाली की ती आपोआप उतरते) जवळपास २८ टक्क्यांनी घसरली.

आता, अर्धं खरं आहे ते मान्य करतो. नेटवर्क बंद पडलं नाही, आणि सप्टेंबरपर्यंत चीनचा वाटा पुन्हा वीस टक्क्यांच्या वर दिसू लागला. दरम्यान काही मायनिंग करणारे प्रॉक्सीआड (खरा पत्ता लपवणाऱ्या मधल्या सर्व्हरआड) दडले असावेत, असं केंब्रिजचंच म्हणणं. मोनेरोच्या रिंग सिग्नेचर (देणाऱ्याची सही इतरांच्यात मिसळणं), स्टेल्थ अॅड्रेस (दर व्यवहाराला नवा, एकदाच वापरायचा पत्ता) यांमुळे पैसे कुणी कुणाला दिले ते खरोखर झाकलं जातं. पण ते व्यवहारापुरतंच.

टॅक्स? १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के. मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्च खरेदीखर्च म्हणून धरणार नाही, असं सरकारनं लोकसभेत सांगितलंय. रुपये हातात हवेत तर एक्स्चेंजवर (नाणी विकायच्या ऑनलाइन बाजारात) केवायसी करावंच लागतं, आणि मार्च २०२३ पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंग कायद्याखाली आहेत. मोनेरो तर बायनान्स या बड्या एक्स्चेंजनंही फेब्रुवारी २०२४ मध्ये यादीतून काढलं.