पहिला पसंतीक्रम म्हणजे गंमत नव्हे

अकरावीचा अर्ज निकाल लागल्यावर निवांत भरा, असं तुमच्या अकरावी प्रवेशावरच्या लेखात म्हटलंय. कॉलेजं निवडायची म्हटलं तर ठीक आहे. पण कागदपत्रांना निवांतपणा दाखवलात तर नागपूरच्या उन्हात रडाल. गेल्या वर्षी आमच्या पोरीच्या शाळेच्या दाखल्यावर आडनावातला एक काना गायब होता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं! दुपट्टा बांधून तीन दिवस हेलपाटे, त्यात राखीव जागेला लागणाऱ्या नॉन-क्रीमी लेअर दाखल्यासाठी सरकारी सेतू केंद्रातली रांग वेगळी. ही कामं निकालाआधीच उरकून घ्या बाप्पा.

दुसरं म्हणजे, २०२५-२६ पासून अकरावीची प्रक्रिया राज्यभर ऑनलाइन झाली, आपल्या नागपुरात ती आधीपासूनच होती. तरी पालक पसंतीच्या कॉलेजांचे दहाच्या दहा रकाने शेजाऱ्याला विचारून भरतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथं प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या रकान्यात हौसेनं भलतंच नाव टाकू नका. आधीच्या वर्षीचा कटऑफ बघा, पण आपल्याच प्रवर्गाचा. आणि जायचं कसं तेही बघा. आम्ही हिंगणा रोडला राहतो, म्हणून मेट्रोच्या लोकमान्य नगर-प्रजापती नगर मार्गावरचीच कॉलेजं वर ठेवली. पोरगी तिसऱ्या पसंतीच्या कॉलेजात आहे, पण वीस मिनिटांत घरी येते. लांबच्या नावाजलेल्या कॉलेजांपायी दोन बस बदलाव्या लागल्या असत्या.