फुकट बघता म्हणून गप्प बसायचं?

"फुकट बघताय ना, मग नावं कशाला ठेवता?" हे वाक्य गेले काही दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीये. यूट्यूबवर मराठी वेबसिरीज करणाऱ्या एका दिग्दर्शकाने लाइव्ह येऊन हे म्हटलं आणि खाली शेकड्याने लोकांनी टाळ्यांचे इमोजी टाकले. त्याचं नाव घेत नाही, कारण असं बोलणारा तो एकटा नाहीच.

झालं असं की नाशिकच्या एका मुलीने, तिचं छोटंसं चॅनेल आहे, त्याच्या सिरीजचा रिव्ह्यू केला. पहिले दोन एपिसोड मस्त आहेत म्हणाली, तिसऱ्यापासून गोष्ट ढेपाळते, बायका फक्त चहा घेऊन येतात आणि जातात, आणि साताऱ्याची म्हणून जी बोली आहे ती साताऱ्यात कुणी बोलत नाही. मी साताऱ्याची आहे आणि त्या बोलीबद्दल ती शंभर टक्के बरोबर होती. पुणेरी वाक्य घ्यायचं आणि शेवटी "की रं" चिकटवायचं, असं करून सातारा होत नाही हो. तिने क्लिप थांबवून थांबवून दाखवलं होतं, कुठे "आलोय" हवं, कुठे "आलूया" हवं. इतकं बारकाईने कोण बघतं आजकाल? मी दिग्दर्शक असते तर तिला फोन करून पुढच्या सीझनला बोलावलं असतं.

त्याने काय केलं, तर तिच्या व्हिडिओचा स्क्रीनशॉट कम्युनिटी पोस्टमध्ये टाकून "आपलीच माणसं" एवढंच लिहिलं. पुढचं काम फॅन्सनी केलं. तिच्या दिसण्यावर, आडनावावर, आईवडिलांवर, काही म्हणजे काही सोडलं नाही. मग लाइव्हमध्ये ती खेकड्यांची गोष्ट आली, मराठी माणूसच मराठी माणसाचा पाय ओढतो वगैरे. आणि दोन दिवसांनी तिच्या व्हिडिओवर कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे मालकाच्या तक्रारीवरून यूट्यूबने व्हिडिओ काढून चॅनेलला दिलेला ठपका, का तर तिने सिरीजच्या क्लिपा वापरल्या.

मला राग आला तो या स्ट्राइकचा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52 आहे, त्यात समीक्षेसाठी योग्य प्रमाणात मूळ कलाकृतीतला भाग वापरायला सरळ मुभा आहे. पण यूट्यूबवर आधी व्हिडिओ जातो, चर्चा नंतर. 90 दिवसांत 3 स्ट्राइक झाले की चॅनेल बंद होऊ शकतं. तिने काउंटर नोटीस, म्हणजे तक्रार चुकीची आहे असं उत्तर, द्यावी म्हणाल तर त्यात आपलं खरं नाव आणि पत्ता लिहावा लागतो आणि तो समोरच्याकडे जातो. ज्याच्या फॅन्सनी आठवडाभर शिव्या दिल्यात त्याच्या हातात एकट्या मुलीने घरचा पत्ता द्यायचा? कोण देईल? म्हणून असे रिव्ह्यू गुपचूप गायब होतात, आणि मग आम्हाला वाटतं सगळ्यांना सिरीज आवडली. डिसलाइकचा आकडा तर यूट्यूबने 2021 सालीच लपवलाय.

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं तर एका मित्राचं उत्तर आलं, "मराठीत कुणीतरी काहीतरी करतंय, सपोर्ट करायचा सोडून तुम्ही तिकडे बसून अक्कल शिकवता." ते "तिकडे बसून" लागलं मला. त्याच्यावर येतेच, पण आधी "तिकडचं" सांगते, कारण फुकटच्या मुद्द्याला उत्तर माझ्या दारातच आहे.

मी स्कॉटलंडमध्ये, एडिनबरोच्या लीथ भागात राहते. ऑगस्टमध्ये ऑफिसला जाताना रॉयल माइल हा मुख्य रस्ता टाळावा लागतो इतकी फ्रिंजची, म्हणजे इथल्या नाटक-कॉमेडीच्या महोत्सवाची, गर्दी असते, हातात फ्लायर कोंबतात, पावसात भिजत कलाकार स्वतः उभे असतात. त्या फ्लायरवर रिव्ह्यूचे स्टार स्टेपल केलेले असतात, आणि चांगलेच असतात असं नाही, एक स्टार मिळालेला माणूसही तो स्टार पोस्टरवर मोठ्ठा छापतो आणि स्वतःच ठरवा म्हणतो. आता फुकटचं बघा. इथे फ्री फ्रिंज आहे, पीटर बकली हिल नावाच्या माणसाने 1996 मध्ये सुरू केलेलं, पबच्या वरच्या खोलीत शो, तिकीट नाही, जाताना बादलीत वाटेल ते टाका. त्या शोचेही रिव्ह्यू होतात, तेच स्टार, तितकेच कडक. कुणी म्हणत नाही की बादलीत काही टाकलं नाहीस मग बोलू नकोस. 2013 ला जॉन कर्न्स या कॉमेडियनला एडिनबरो कॉमेडी अवॉर्ड्समध्ये बेस्ट न्यूकमर मिळालं ते अशाच फुकटच्या शोसाठी आणि पुढच्याच वर्षी मुख्य अवॉर्ड. फुकट आहे म्हणून सांभाळून घेतलं असतं तर बक्षीसही त्याच हिशोबाने मिळालं असतं ना, उत्तेजनार्थ.

इथले कलाकार चिडत नाहीत असं नाही, चिडतात, रात्री ट्विटरवर रिव्ह्यूअरला शिव्या घालतात. पण प्रेक्षकांना त्याच्या अंगावर सोडणं हे इथे कमीपणाचं मानतात, निदान मी ज्यांना ओळखते ते तरी.

आणि जे रिव्ह्यूअरच्या मागे हात धुऊन लागतात त्यांचं काय होतं तेही जगाने बघितलंय. डिजिटल होमिसाइड नावाचा अमेरिकेतला छोटा गेम स्टुडिओ, जिम स्टर्लिंग या ब्रिटिश रिव्ह्यूअरने त्यांच्या गेमला यूट्यूबवर धुतलं. स्टुडिओने आधी व्हिडिओ काढायला लावला आणि 2016 मध्ये 1 कोटी डॉलरच्या वर दावा लावला. तेवढ्यावर भागलं नाही, स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर वाईट लिहिणाऱ्या 100 युजर्सवरही दावा. स्टीमने त्यांचे सगळे गेमच काढून टाकले आणि 2017 मध्ये स्टर्लिंगवरचा खटलाही संपला, हातात काही न पडता. आज त्या स्टुडिओचं नाव लोकांना आठवतं ते फक्त या भांडणामुळे, गेम कुणालाच आठवत नाहीत.

आपल्याकडे ही परंपरा नाही असंही कुणी सांगू नका. नाट्यसमीक्षक माधव मनोहर मराठी नाटकं कुठल्या परदेशी नाटकावरून उचललीयत ते नाव-गाव घेऊन छापायचे, लोक चिडायचे, पण त्यांनी काय लिहिलंय ते वाचायचे. मराठी नाटक त्याने बुडालं का? आम्ही अजून त्याच नाटकांच्या जोरावर कॉलर ताठ करतो.

आता "तिकडे बसून" बद्दल.

माझा नवरा ग्लासगोचा. घरात मराठी बोलणारी मी एकटी. आईशी फोन होतो तेवढा सोडला तर दिवसभर मराठी कानावर पडत नाही, म्हणून रात्री जेवण झालं की मी यूट्यूब लावते, आणि तो एक तास माझ्या घरात मराठी असते. तो तास त्या दिग्दर्शकाच्या हातात आहे. तिथे कुणी खोटी सातारी बोललं की मला नुसतं चुकलं असं वाटत नाही, माझ्या आजीचं कुणीतरी ढोबळ सोंग आणलंय असं वाटतं. साताऱ्यात राहणाऱ्याला ते हसून सोडून देता येतं, तो दार उघडून बाहेर गेला की खरी बोली आहेच. मला कुठे जाता येतं?

आमच्या इथल्या मराठी मंडळात भारतातून नाटक आलं की पडदा पडताच सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात, बरं असो वाईट असो. प्रेमच आहे ते, मीही उभी राहते, डोळ्यात पाणी असतं, पण ते पाणी नाटकासाठी नसतं आणि त्या नटांना त्याचा काही उपयोग नाही. परत जाऊन ते तेच नाटक तसंच करणार. नाशिकच्या मुलीने जे केलं ते आम्ही मंडळवाले कधीच करू शकणार नाही, कारण आम्हाला मराठी ऐकायला मिळाल्याचंच इतकं वाटतं. आणि खरं सांगायचं तर ग्रुपवर मी इतकी भांडले त्यातही हे आहेच, की माझ्या मताला अजून तिथे किंमत आहे का, की मी आता फक्त व्ह्यूजमधला बाहेरचा आकडा आहे. मित्राने उत्तर दिलं आणि मला कळलं की त्याच्या मते मी आकडाच आहे. तसं असेल तर असू दे, नाशिकची मुलगी तर तिथलीच आहे ना? तिलाही बोलू दिलं नाहीच की!

त्या दिग्दर्शकाला माझं एवढंच सांगणं आहे. क्लेम मागे घेता येतो, स्ट्राइक जातो, काही मिनिटांचं काम आहे, ते आधी करा. मग तिचं काय पटलं नाही ते सीन दाखवून सांगा, बोलीबद्दल सांगा, तिसऱ्यापासूनच्या एपिसोडबद्दल सांगा. मी तो व्हिडिओ पूर्ण बघेन, आणि तुमचं पटलं तर त्याच्याखाली माझ्या नावाने तसं लिहीन.