सान्यू 'चिनी मातीस' वगैरे काही नाही हो

सध्या एक पोस्ट जाम फिरतेय, मला तीन ग्रुपवर आली. म्हणे सान्यू हा चिनी चित्रकार म्हणजे चीनचा मातीस (आँरी मातीस, तो प्रसिद्ध फ्रेंच चित्रकार), पॅरिसला जाऊन त्याने मातीसची रेघ उचलली, दोन-दोन मिनिटांत फक्त विवस्त्र बायका काढायचा, कुणी हिंग लावून विचारलं नाही, शेवटी उपाशी मेला आणि आता त्याचं एक चित्र पावणेतीनशे कोटी रुपयांना गेलं. यातली किंमत तेवढी बरोबर, २०१९ ला हाँगकाँगच्या लिलावात त्याच्या पाच विवस्त्र बायकांच्या तैलचित्राला ३० कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर मिळाले. बाकी सगळा आनंद आहे.

रेघेचंच बघा. हा माणूस पॅरिसला पोचला १९२१ च्या आसपास आणि त्याआधी सिचुआनमध्ये चाओ शी या नावाजलेल्या गुरूकडे कॅलिग्राफी शिकला होता, वडील पण चित्रकार, म्हणजे ब्रश हातात बसलेला होता आधीच. त्याची शाईतली ड्रॉइंग्ज जरा झूम करून बघा, पाठीवरून खाली येणारी रेघ बारीक असते, कमरेशी ब्रश दाबला की जाड होते, मांडीला वळसा घालून पावलापाशी परत केसाएवढी. हे पेन्सिलीने होत नाही, आणि शाईत खोडता येत नाही, हात थांबला की तिथे डाग. मी एकदा हौसेने ब्रश पेन घेऊन बसले होते, पहिल्याच गुडघ्याला ठिपका पडला, मग गप चहा केला. मातीसची चित्रं त्याने बघितली असणारच, नाही कोण म्हणतंय, पण मातीस स्वतःसुद्धा १९१० ला इस्लामी कलेचं प्रदर्शन बघायला म्यूनिखला गेला होता, मग त्याला कुणाचा कोण म्हणायचं?

दोन मिनिटांचं म्हणाल तर तो जायचा त्या पॅरिसच्या ग्रांद शोमिएर या कलाशाळेत पद्धतच ती होती. तिथे फी भरायची, बसायचं, मॉडेल थोड्या-थोड्या वेळाने पोझ बदलणार, चुका काढायला मास्तर नाही. तिथेच शेजारी बसून चित्रं काढणाऱ्या बायकांनाही हा कोटासकट कागदावर उतरवायचा, म्हणजे 'फक्त विवस्त्र' हेही गेलं.

कुणी विचारलं नाही? १९२५ पासून सालों दोतोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या दरवर्षीच्या मोठ्या कलाप्रदर्शनात, त्याची चित्रं लागत होती, आणि आँरी-पिएर रोशे नावाच्या संग्राहकाने त्याची शेकडो ड्रॉइंग्ज घेतली होती. गरिबी आली हे खरं, पण जन्माची नव्हे. मोठ्या भावाची रेशमाची गिरणी होती, तिकडून पैसा यायचा, तो आटल्यावर ओढाताण सुरू झाली, त्यात रोशेशी पण बिनसलं. मग हे महाशय 'पिंग-टेनिस' नावाचा स्वतः शोधलेला खेळ चालवायच्या मागे, तो खपवायला न्यूयॉर्कपर्यंत जाऊन आले. खेळ काही चालला नाही.

आणि उपाशी नाही मेला, १९६६ ला पॅरिसच्या स्टुडिओत गॅसगळतीने गेला. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी त्याने प्रदर्शनासाठी चाळीसेक तैलचित्रं तैवानला पाठवली होती, मागून स्वतः जायचं ठरलं होतं, ते जमलं नाही. चित्रं तिकडेच राहिली, तैपेईच्या इतिहास संग्रहालयात.