स्वस्तातला कन्सोल आणि मेमरी कार्डाचं बिल

हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल घ्यायला आलेले आईवडील दुकानात पहिला प्रश्न विचारतात, "केवढ्याला?" प्रश्न रास्तच आहे. पण कंपन्या त्याचं पुरतं उत्तर देत नाहीत, आणि याचा मला मनापासून राग येतो.

सोनीचा प्लेस्टेशन व्हिटा बघा. फेब्रुवारी २०१२ मध्ये तो अमेरिकेत आला, वाय-फायवाल्या मॉडेलची किंमत २४९.९९ डॉलर. मशीन देखणं, ओएलईडी स्क्रीन, त्या पैशांत खरंच भरपूर काही. पण गेम ठेवायला आत जागाच नाही! कितीतरी गेम नुसते सेव्ह करायलाही मेमरी कार्ड लागायचं आणि मोबाइलमधलं साधं मायक्रोएसडी त्यात चालायचं नाही. सोनीचंच खास कार्ड घ्यायचं. ३२ जीबीचं ते नखाएवढं कार्ड ९९.९९ डॉलरला होतं, म्हणजे मशीनच्या किमतीच्या चाळीस टक्के. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला हे जाणवतही नाही. ज्याने महिनोन् महिने पैसे साठवून तेवढीच रक्कम आणलीय, त्याच्या पोराने घरी खोकं उघडून काय करायचं?

निन्टेन्डो कंपनीचंही सुरुवातीला चुकलंच. मार्च २०११ मध्ये अमेरिकेत थ्रीडीएस, चष्म्याशिवाय थ्रीडी दाखवणारा त्यांचा हातातला कन्सोल, २४९.९९ डॉलरला आणला, तो उचलला गेला नाही, आणि ऑगस्टमध्येच किंमत १६९.९९ वर आणावी लागली. आधी घेतलेल्यांना वीस जुने गेम फुकट दिले, अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. हे मला आवडलं. जबाबदारी वरून घेतली.

पण खरं शहाणपण दिसलं ते ऑक्टोबर २०१३ च्या टूडीएसमध्ये, म्हणजे थ्रीडीएसच्याच स्वस्त भावंडात. किंमत १२९.९९, पुढे २०१५ मध्ये ९९.९९. दिसायला अगदी साधा, पाचरीसारखी एक जाड पाटी. बिजागरी नाही, त्यामुळे मिटत नाही. खेळ थांबवून मशीन झोपवायला खाली एक सरकतं बटण. थ्रीडी काढून टाकलं, स्पीकर एकच. समोर दोन स्क्रीन दिसतात, पण आत एकच मोठा पॅनेल आहे आणि मधला भाग प्लास्टिकने झाकलाय! जिथे वाचवता येईल तिथे वाचवलंय, पण खेळणाऱ्याचं काही कापलेलं नाही. थ्रीडीएसचीच कार्ट्रिज, तेच गेम, कार्डही बाजारात कुठेही मिळणारं साधं एसडी. पोकेमॉन एक्स आणि वाय हे गेम त्याच दिवशी आले, आणि ते शंभर-सव्वाशे डॉलरवाल्या पोरालाही पूर्ण खेळता आले. बजेट मॉडेल म्हणतात ते याला. शिवाय लहान मुलांच्या हातात आधी बिजागरीच तुटते, ती कटकटही गेली.

आपल्याकडे निन्टेन्डो स्वतः दुकान मांडून बसलेला नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आयात केलेला माल शोधायचा, नाहीतर परदेशातून येणाऱ्या मावशीला सांगायचं. म्हणून मागाहून निघणारा खर्च आपल्याला जास्त झोंबतो.

निन्टेन्डोचा नवा कन्सोल स्विच २ जून २०२५ मध्ये आला तेव्हा अमेरिकेत ४४९.९९ डॉलरचा होता. तेव्हा जपानमध्ये फक्त जपानी भाषेत चालणारं मॉडेल ४९,९८० येनला आणि सगळ्या भाषांचं ६९,९८० येनला. म्हणजे किंमत कमी ठेवायची मनात असेल तर वाट निघते. पण मारिओ कार्ट वर्ल्ड हा गेम एकटाच ७९.९९ डॉलरचा, आणि गेम साठवायला मायक्रोएसडी एक्सप्रेस हे नव्या प्रकारचं कार्डच लागतं, घरात पडलेली जुनी कार्डं त्यासाठी चालत नाहीत. इथे मला पुन्हा व्हिटा आठवतो, आणि टूडीएस बनवणाऱ्या कंपनीकडून हे येतंय याचं वाईट वाटतं.

कुणी दिवाळीला पोरांसाठी कन्सोल घेणार असेल तर दुकानदाराकडून कार्ड, चार्जर आणि दोन गेम धरून एकच आकडा लिहून घ्या. त्या आकड्यात जमत असेल तरच घ्या.