लग्नाला जेवून गेलेल्यांसमोर कसं हसावं

पुण्या-मुंबईच्या माणसाला या लेखाचा काही उपयोग नाही, त्याने खुशाल पुढे जावं. तो अंधारात दोन-तीनशे अनोळखी माणसांत बसतो, वाटेल तिथे हसतो, दिवे लागले की कोण कुठला! आपण पडलो इंदूरकर. आपल्याकडे मराठी पिक्चर येतो तो रविवारी सकाळी साडेनऊला, एका मॉलमध्ये, एका पडद्यावर. आल्याचं कळतं समाजाच्या ग्रुपवरून, आणि निरोपाखाली धमकी असते की आपण गेलो नाही तर पुढचा आणणार नाहीत. म्हणून सगळे जातात. राजेंद्रनगरचे येतात, लोकमान्य नगरचे येतात, रामबागेतले उरलेसुरले येतात. म्हणजे हॉलमध्ये बसलेल्यांपैकी निम्मे तुमच्या लग्नाला जेवून गेलेले असतात, आणि उरलेल्यांच्या लग्नाला तुम्ही.

अशात पिक्चर असतो नेमका लग्नावरचा, विनोदी. पन्नाशी ओलांडलेला नवरा, पन्नाशीला टेकलेली बायको, मुलगी नोकरीला बंगळुरूला, घरात दोन माणसं आणि तीन टीव्ही. तेव्हा कुठे हसायचं, किती हसायचं आणि कोणाकडे बघून हसायचं नाही, याची तयारी घरून करून गेलेली बरी. माझी अशा पिक्चरांत बरीच पडझड झालेली असल्यामुळे सल्ला द्यायला मी लायक आहे.

पहिली गोष्ट, वर्गीकरण. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येत राहिलं ते काही उगाच नाही. ओला कचरा निराळा, सुका निराळा, हे आपल्या हाडात मुरलंय. आणि सकाळी गाणं वाजवत येणाऱ्या त्या पिवळ्या गाडीला तिसराही कप्पा असतो, ‘घरगुती घातक’ कचऱ्याचा. हसण्याचे कप्पे हेच.

सुकं हसणं अगदी निर्धोक. पडद्यावरच्या नवऱ्याचं पोट, त्याचं घोरणं, कानाच्या पाळीला लागलेला केसांचा डाय. इथे मोकळेपणी हसा, मांडीवर थाप मारा, मागच्या रांगेतल्या साडूकडे वळून बघा. पोट सगळ्यांनाच आहे. ओलं हसणं म्हणजे मुलगी व्हिडिओ कॉलवर "आई, तू जेवलीस का?" विचारते तेव्हाचं, हसताहसता डोळे पुसायचे. पुरुषांनी चष्मा पुसावा, डोळे आपोआप उरकतात.

खरा धोका तिसऱ्या कप्प्यात. पिक्चरमधली बायको जेवताना नवऱ्याला म्हणते, "तुम्ही मला शेवटचं काही विचारलंत ते कधी?" नवरा म्हणतो, "आत्ताच तर विचारलं, मीठ कुठाय." हॉल कोसळतो. तुम्हीही कोसळता. आणि मग लक्षात येतं की डावीकडची खुर्ची हसत नाहीये. आता गेलेलं हसणं परत घेता येत नाही. अशा वेळी ते खोकल्यात वळवावं. दोनदा खोकून पाणी मागावं. आपल्या हॉलमध्ये विनोदाच्या मागोमाग पुरुषांच्या खोकल्याची एक साथ येते ती हवेमुळे नव्हे.

बसायचं कुठे हेही महत्त्वाचं. नाटकाला आपण ‘सानंद’ संस्थेचे सभासद, तिथे कसं वागायचं ते आपल्याला वर्षांनुवर्षांच्या सरावाने ठाऊक. पिक्चरला मात्र ज्याने तिकिटं काढली त्याच्या मर्जीने बसावं लागतं, आणि तो हटकून जोडप्याजोडप्याने बसवतो. बायकोशेजारी बसणं टळत नसेल तर मधल्या हातावर तिची पर्स येईल असं बघावं. कारण कोपर. बायकोचं कोपर एकदा लागलं तर अर्थ "बघा". दोनदा लागलं तर "ऐकलंत?" तिसऱ्यांदा लागलं तर समजा की हे वाक्य आज संध्याकाळी परत ऐकायला मिळणार आहे. पण कोपरांना भ्यायचं कारण नाही. भ्यायचं ते कोपर लागायला हवं होतं आणि लागलं नाही, त्याला. पडद्यावर बायको एकटी बसून गार चहा पितेय, नवरा शेजारच्या खोलीत मोबाइलवर हसतोय, आणि तुमच्या बरगड्या शाबूत आहेत. तेव्हा मान न वळवता समोर बघत राहावं.

वेळेचंही गणित आहे. आपल्या बऱ्याच घरांत जावई किंवा सून हिंदीभाषक असते आणि पिक्चरखाली इंग्रजी ओळी धावत असतात. मराठी वाक्य नटाच्या तोंडून पुरतं बाहेर पडायच्या आत ते खाली लिहून आलेलं असतं. त्यामुळे होतं काय, की मराठी विनोदावर पहिला हसतो तो उज्जैनचा जावई. सासरे दचकून त्याच्याकडे बघतात, मग पडद्याकडे, मग हसतात. या अर्ध्या सेकंदाचा फायदा घ्यायला शिका. जावई हसला की विनोद येतोय हे कळतं, आणि हसायचं की नाही ते आधी बायकोकडे बघून ठरवता येतं.

माझी एक फजिती सांगतो, म्हणजे तुम्ही सावध राहाल. त्या पिक्चरमध्ये एक टॉवेलचा प्रसंग आहे. नवरा न्हाणीघरातून ओरडतो, "अगं, टॉवेल कुठाय?" बायको सांगते, "दोरीवर." तो विचारतो, "दोरी कुठाय?" याच्यावर आमचा हॉल जो हसला! माझ्या पुढच्या रांगेतले काका तर खुर्चीतून घसरले. मीही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होतो. तेवढ्यात अंधारात माझ्या तळहातावर काहीतरी आलं. बघितलं तर गोळी. रक्तदाबाची, सकाळी दहाची. पाठोपाठ पाण्याची बाटली आली, झाकण काढलेली. मी गोळी तोंडात टाकली, दोन घोट प्यालो, बाटली परत केली आणि राहिलेलं हसू पुरं केलं. झाकण तिच्या हातात होतं, ते तिने लावलं. पुढच्या वाक्याला जावई हसला तेव्हा मला काय झालं ते उमगलं, पण तोवर प्रसंग बदलला होता, आणि मागून त्यावर बोलणं बरं दिसत नाही.

तर सल्ला असा की गोळी घरूनच घेऊन निघावं. अर्थात ती कुठल्या डब्यात असते ते माहीत हवं.

मध्यंतर हा या पिक्चरचा सगळ्यात कठीण भाग, कारण दिवे असतात. बायका बायकांकडे जातात, पुरुष पॉपकॉर्नच्या किमतीकडे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगून टाकलंय की बाहेरचं खाणं आत आणू द्यायचं की नाही हे टाकीजवाल्याने ठरवावं. प्यायचं पाणी तेवढं त्याने फुकट द्यावं. निकाल आपल्याला मान्यच आहे. पण न्यायालयाच्या ध्यानात इंदूर नसावं. इथे शेवेवाचून माणूस वरण-भातही खात नाही, तो दीड तास विनोद कसा सोसेल? तेव्हा काकूंच्या पर्समधून लसणाच्या शेवेची पुडी निघते, वरून जिरावण मसाला पडतो, आणि पिक्चरविषयी बोलायची पाळी येऊ नये म्हणून सगळे तोंडात शेव धरून उभे राहतात.

याच वेळी एक जाणते काका प्रकट होतात. प्रत्येक शहरात असतात; आपल्याकडे संख्येने अंमळ जास्त. ते सांगतात की लग्न आणि वय हा विषय मराठी माणसाला नवा नाही. देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९चं, त्यात पंचाहत्तरीचा म्हातारा कोवळ्या मुलीशी लग्नाला उभा राहतो, आणि त्या नाटकावरून सरकारने बालविवाह रोखणारा शारदा कायदा केला. इथे कोणी शहाणा म्हणेल की १९२९च्या त्या कायद्याचा नाटकाशी संबंध नाही, तो अजमेरच्या हरबिलास सारडांच्या आडनावावरून आला, आणि त्यात मुलीचं वय चौदा अन् मुलाचं अठरा ठरलं. म्हणू नका. काकांना दुखवून काय मिळणार? शिवाय ते लगेच आपल्या इंदूरच्या तुकोजीराव होळकर महाराजांवर येतात. गादी सोडली १९२६ साली, आणि १९२८मध्ये, सदतिसाव्या वर्षी, अमेरिकेच्या नॅन्सी मिलरशी लग्न केलं. तिची शर्मिष्ठादेवी झाली. "याला म्हणतात मध्यमवय!" काका म्हणतात आणि सगळ्या पुरुषांची छाती थोडी फुगते, जणू आपणही एखादी गादी सोडूनच साडेनऊच्या खेळाला आलोय. काकू मागून "अहो, पिशवी धरा" म्हणतात. छाती जागेवर येते.

एक सूचना सरकारलाही. २०२३च्या कायदादुरुस्तीने ‘यूए’ प्रमाणपत्राला सात, तेरा आणि सोळा असे वयाचे टप्पे आले. चांगलं झालं. पण लहानांना मोठ्यांच्या पिक्चरपासून जपता, तसं मोठ्यांना स्वतःच्या पिक्चरपासून कोण जपणार? ‘पंचेचाळिशीवरील पुरुषांनी पत्नीच्या देखरेखीखालीच पाहावा’ एवढी ओळ चालली असती. चुकलो, ‘पत्नीच्या देखरेखीशिवाय’ म्हणायचं होतं.

मध्यंतरानंतर पिक्चरमधली बायको बॅग भरून पंधरा दिवस मैत्रिणींबरोबर फिरायला जाते. भांडण नाही, रडारड नाही, जाते. इथे हॉल दोन भागांत वाटला जातो हे मी अनेकदा पाहिलंय. पुरुष घड्याळं बघायला लागतात. बायका पहिल्यांदाच पाठ टेकून बसतात. म्हणून पिक्चर सुटल्यावर कोणी विचारलं तर पुरुषाने ठाम सांगावं, "दुसरा भाग जरा लांबलाय." हे वाक्य कुठेही चालतं. त्याला जोड म्हणून "मेसेज चांगला आहे" आणि "नाटक म्हणून जास्त जमला असता" ही दोन ठेवावीत. नवऱ्याचं पात्र जरा अतीच रंगवलंय, असे नवरे हल्ली नसतात, हे मात्र बोलायच्या आधी गाडीची किल्ली आपल्याच खिशात आहे ना ते चाचपावं.

पार्किंगमध्ये प्रश्न येणारच. "काय भिया, कसा लागला पिक्चर?" माझ्यावर आला तेव्हा पुण्याची भाची बरोबर होती. तिला आपलं मराठी ऐकवत नाही. "मामा, पिक्चर ‘लागला’ नाही म्हणायचं, ‘वाटला’ म्हणायचं," असं तिने तिथल्या तिथे शुद्ध करून दिलं. मी काही म्हणणार, तेवढ्यात सौभाग्यवती दुपट्टा सावरत म्हणाल्या, "असू दे गं. लागला असेल."

चार जणांच्या मध्ये काही सुचलं नाही. मी रीगल टाकीजवर बोलायला लागलो. हा उपाय लिहून ठेवा, कधीही कामी येतो. टाकीज गेली, पण चौराह्याला लोक अजून रीगलच म्हणतात, रिक्षावालाही तेच म्हणतो, आत काही चालत नाही, नाव मात्र चालू आहे. असं म्हणावं आणि त्याचा अर्थ लग्नाशी कोणी जोडायच्या आत पोह्यांच्या दुकानाकडे वळावं. पोहे-जिलबी समोर आली की इंदुरात कुठलाही विषय टिकत नाही.

इतकं सगळं पाळूनही एक गोष्ट हाताबाहेरची आहे. आमच्याकडे गर्दी बघून पिक्चर आठवडाभर वाढला, आणि मंगळवारी दुपारी भगिनी मंडळाने निव्वळ बायकांचा खेळ ठरवला. आमची ही पुन्हा गेली. तोच पिक्चर, तीच वाक्यं. तिथे कोण कुठे हसलं याची वार्ता एकाही नवऱ्यापर्यंत आलेली नाही, आणि मी चौकशी काही थोडीथोडकी केलेली नाही. साडूने फक्त एवढंच सांगितलं की त्याच्या हिचा आवाज संध्याकाळपर्यंत बसलेला होता.

त्या रात्री मी अंथरुणावर पडलो होतो. स्वयंपाकघरात ती दही लावत होती. दिवा मालवताना एकटीच हसली. मोठ्यांदा नाही, नाकातून, पण बराच वेळ. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही, झोपा तुम्ही."

अशा वेळी दुसऱ्यांदा विचारू नये. सकाळी लवकर उठावं, हाक न मारता अंघोळीला जावं, आणि टॉवेल आपला आपण घ्यावा. तो मागच्या गॅलरीत दोरीवर असतो, असं मी ऐकून आहे.