व्याख्यानं हवीतच, पण सेल्स पिचची नकोत

ऑफशोअरच्या, म्हणजे समुद्रातल्या तेल-वायू प्रकल्पांच्या, तरुण इंजिनिअरांसाठी पुण्यात दर महिन्याला तांत्रिक व्याख्यान व्हावं, ही लेखातली सूचना पटली. हिंजवडीत बसून रायझर (समुद्रतळ आणि प्लॅटफॉर्म यांना जोडणारा तेल-वायूचा उभा पाइप) आणि पाइपलाइनची गणितं करणाऱ्या किती मुलांनी प्लॅटफॉर्म डोळ्यांनी पाहिलाय? मी स्वतः नोकरीच्या सहाव्या वर्षी पहिल्यांदा हेलिकॉप्टरमधून उतरलो आणि माझ्याच ड्रॉइंगमधल्या व्हॉल्व्हपर्यंत माणसाचा हात पोचत नाही, हे तिथे कळलं.

पण बोलायचं तर फसलेल्या गोष्टींवर बोला. २७ जुलै २००५ ला मुंबईजवळच्या समुद्रातल्या बॉम्बे हाय नॉर्थ या तेल-वायू प्लॅटफॉर्मवर काय झालं? बोटं कापलेल्या आपल्या एका आचाऱ्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर चढवायला आलेली नौका लाटांमुळे रायझरवर आदळली, गॅस पेटला, दोनेक तासांत प्लॅटफॉर्म गेला आणि २२ माणसं दगावली. रायझर जॅकेटच्या (प्लॅटफॉर्म पेलणाऱ्या पोलादी सांगाड्याच्या) आत घ्यायचा की बाहेर, त्याला संरक्षक गार्ड किती मजबूत हवा, नौकेने कुठल्या बाजूने लागायचं, या एकेका प्रश्नावर एकेक संध्याकाळ जाईल. आमच्याकडे मात्र पाहुणे येतात ते चाळीस स्लाइड्सचा कॅटलॉग घेऊन. नंतर समोसे चांगले असतात, एवढंच.

आणखी एक, खडकवासल्याला १९१६ पासूनची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे, तिथे बंदरांची मॉडेल्स लाटांखाली तपासतात. परवानगी काढून एखादं सत्र तिथेच घ्या. आणि वार शनिवार ठेवा हो, संध्याकाळी सहाला हिंजवडीतून निघालेला माणूस शिवाजीनगरला आभारप्रदर्शनालाच पोचतो.